मोहाच्या सावलीतला स्लीपर

मित्रांनो, बसा, खुशाल बसा. माझ्यावर बसायला कोणाला विचारावं लागत नाही. फक्त मला बाक म्हणू नका, तेवढं मला खपत नाही. बाक जरा जोरात टेकलं की कुरकुरतो. मी रुळाखालचा जुना स्लीपर आहे, अस्सल सालाच्या लाकडाचा. लाइन सांभाळणाऱ्या गँगमधली माणसं मला सिलीपट म्हणायची. माझ्या पाठीवरून भरलेल्या मालगाड्या गेल्या आहेत, तिथे तुमचं वजन ते काय!

माझ्या दोन्ही टोकांना भोकं आहेत, ती रुळाच्या खिळ्यांची. त्यांत तुम्ही चिंचोके लपवता, मला सगळं ठाऊक आहे. आणि फटींमध्ये हे जे पांढरे डाग अजून दिसतात, तो चुना आहे. भिलाईतल्या या एवढ्याशा अंगणात, या मोहाच्या झाडाखाली, तो चुना माझ्या अंगावर कसा आला ते आज सांगतो. घाई करू नका. लाकूड हळूहळूच बोलतं.

फार पूर्वी मी झाड होतो. दूरच्या डोंगरात आमचं सालाचं रान होतं. चैत्रात आम्हा सगळ्यांना एकदम फुलं यायची आणि अख्खं रान फिकट पिवळं होऊन डुलायचं. वारा आला की माझी सगळी पानं एका सुरात बोलत. काय बोलत ते आता आठवत नाही, पण तो आवाज आठवतो. मग एक दिवस कुऱ्हाडी आल्या. त्याबद्दल मला फारसं सांगता येणार नाही. एवढंच आठवतं की उभं आभाळ एकदम आडवं झालं.

पुढे करवत आली, काळं तेल आलं. वाळवी लागू नये म्हणून ते तेल मला पोटभर पाजलं. नंतर दुर्गच्या लाइनीवर गिट्टीच्या दगडांच्या अंथरुणात मला आडवं टाकलं आणि माझ्यावर रूळ ठोकले. मित्रांनो, लाकूड एकदा आडवं पडलं की त्याला फार स्वप्नं पडतात. लांबून गाडी यायची, रूळ आधी बारीक गुणगुणायचे, आणि मला वाटायचं, आला, माझ्या पानांतला वारा आला. मग इंजिन धडधडत डोक्यावरून जायचं आणि मी भानावर यायचो.

त्या लाइनीवर देवराव नावाचा गँगचा मेट, म्हणजे मुकादम, होता. नागपूरकडचा माणूस. डोक्याला लाल मुंडासं, हातात हातोडा. रोज तो लाइनीवरून चालत यायचा, माझ्यावर एक ठोका मारायचा आणि कान देऊन ऐकायचा. "ठनठनीत हाय लेकाचा!" म्हणायचा. आयुष्यात माझं कौतुक करणारा तो पहिला. मी त्याच्या ठोक्याची वाट बघायचो. खोटं कशाला बोलू?

मग भिलाईला पोलादाचा कारखाना उभा राहायला लागला. बाप रे, काय त्या गाड्या! यंत्रांच्या पेट्या, सिमेंट, गर्डर, सगळं आमच्याच पाठीवरून जायचं. दिवस मावळला तरी रांग संपत नसे. त्या ओझ्याखाली मला एका अंगाला तडा गेला. मला उपटून लाइनीच्या कडेला ढिगात टाकलं. माझ्या जागी नवा तरणाताठा स्लीपर आला. माझ्यावर गवत वाढलं, सरडे ऊन खात बसू लागले. कोणी ठोका मारेना. खूप वाईट वाटलं मला.

त्याच वर्षी देवरावही रिटायर झाला. मोडीतला माल विकायला काढला तेव्हा तो आला, प्रत्येक लाकडावर बोटाच्या पेराने टकटक करत फिरला आणि माझ्यापाशी थांबला. बैलबंडीत घालून त्याने मला आपल्या मुलाच्या क्वार्टरवर आणलं. मुलगा शामसुंदर नव्या कारखान्याच्या ऑफिसात क्लार्क होता. त्याची बायको कमलिनी वर्ध्याकडची, लग्न होऊन नुकतीच इथे आलेली. मला बंडीतून उतरवताना पाहून ती दारातच थबकली.

"मामंजी, घरात धड पलंग नाही अन् तुमी हे काय उचलून आनलं जी?"

"पोरी, हा माझा जुना मानूस हाय," देवराव म्हणाला. "राहू दे कोपऱ्यात. काही मांगत नाही तो."

तर असा मी या अंगणात आलो. तुम्ही बघताच आहात, अंगण ते केवढं! दोन खाटा टाकल्या की संपलं. एका बाजूला स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला शेजारच्या क्वार्टरची भिंत, मागे कमरेच्या वर चढणारी आणखी एक भिंत. आणि कोपऱ्यात हे मोहाचं झाड. क्वार्टर बांधणाऱ्यांनी का कोण जाणे, ते तसंच ठेवलं होतं. त्याच्या फांद्यांनी सगळं अंगण झाकून टाकलेलं. भिंतींवर शेवाळ चढून त्या काळ्या पडल्या होत्या. दुपारी बाहेर डोळे दिपवणारं ऊन असायचं आणि इथे थोडेसे कवडसे, तेही सतत हलणारे. मला मात्र ती जागा फार आवडली. कित्येक वर्षांनी मी झाडाखाली होतो. वर पानं बोलायची आणि मी खाली पडून ऐकायचो.

चैत्रात मागच्या दारावर थाप पडली. तुळसाबाई आली होती. ती इथलीच, छत्तीसगढी बाई. कारखाना यायच्या आधी या जागेवर तिचं गाव होतं. गाव उठलं आणि ती रिसालीकडे राहायला गेली, पण हे झाड तिच्या सासूच्या वाट्याचं. त्याची फुलं ती दरसाल वेचायची. कमलिनीने दार उघडलं तशी ती आत आली, इकडेतिकडे पाहिलं आणि नळाकडे बोट दाखवून म्हणाली, "जिहां तोर नल हे, उहां मोर चूल्हा रिहिस."

जिथे आता नळ आहे तिथे तिची चूल होती. कमलिनी लगबगीने आत गेली. तिने तुळसाबाईला गूळ-पाणी दिलं. त्यानंतर चैत्र संपेपर्यंत तुळसाबाई रोज पहाटे यायची, खालची पानं झाडायची आणि टपटप पडलेली फुलं टोपलीत वेचायची. वेचून झाली की माझ्यावर पसरून निवडायची. गोड, जडसर असा तो वास माझ्या तेलकट अंगात मुरायचा. वर्षाचे बाकीचे महिने ती कधी तोंडली, कधी भाजी घेऊन यायची आणि जाता जाता झाडाच्या बुंध्याला हात लावून जायची.

आता देवरावाची गंमत ऐका. रिटायर झाला तरी त्याचे हात काही रिटायर झाले नव्हते. त्याने ठरवलं, सूनबाईला बगीचा करून द्यायचा. झालं! दोरी आणली, खणायची सब्बल आणली, कुठून तरी टोपलं टोपलं गिट्टी आणली. मला अंगणाच्या बरोब्बर मधोमध आडवं टाकलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी ताणली आणि वाफे असे सरळ काढले की त्यावरून रुळावरची ट्रॉली जावी. वाफ्यांच्या कडेने गिट्टी ठोकून बसवली. एक डोळा मिटून तो दोरीतून बघायचा आणि मान हलवायचा.

"मामंजी, वांगे लावाचे हायेत का रेल्वे न्याची हाय इथून?" कमलिनी हसून विचारायची.

"पाया सरळ पाहिजे पोरी. आता पाहजो, कसं येते वांगं!"

वांगं कसलं येतंय! सांभार, म्हणजे कोथिंबीर, उगवला, पण ऊन शोधत शोधत लांबट होऊन माना टाकून पडला. वांग्याला पानंच पानं. मिरचीला फूल आलं की गळायचं. देवराव रोज प्रत्येक रोपाजवळ उकिडवा बसायचा, माती चाचपायचा आणि म्हणायचा, "ढिली हाय. अजून ठोकाले पाहिजे." मी मनात म्हणायचो, अरे देवराव, हे रोप आहे, खिळा नाही! नळाच्या सांडपाण्यावर तेवढा धोपा, म्हणजे अळू, आपला आपण माजला होता, हत्तीच्या कानाएवढी पानं घेऊन. पण तो कोणी लावला नव्हता, म्हणून त्याला कोणी बगीच्यात धरत नसे.

वांग्या-मिरच्यांचं एक वेळ सोडा. कमलिनीचा जीव अडकला होता तुळशीत. तिने आईकडून रोप आणलं, विटांचं छोटं वृंदावन रचलं. तुळस वाळली. दुसरं आणलं, तेही काळं पडलं. तिसरं तिने पॉवर हाउस नावाच्या बाजारातून आणलं आणि अगदी पोरासारखं जपलं. पावसाळ्यात त्याला मंजिऱ्या आल्या तेव्हा ती दिवसभर गात होती. मग पानं गळू लागली. एका सकाळी नुसती काडी उरली. कमलिनीने ती काडी उपटली, माझ्यावर आपटली आणि तिथेच बसून रडायला लागली. मंजिऱ्यांचं बारीक बी माझ्या कडेला, भिंतीच्या पायथ्याशी सांडलं. तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

"ही तिसरी वाळली," ती नवऱ्याला म्हणाली. "ज्या घरात तुळस जगत नाही, तिथं मानसं कशी जगतीन जी? शेजारी साऱ्यांच्या घरी कार्तिकात तुळशीचं लग्न होते. मी कोनाचं लावू, या काडीचं? हे झाड काढून टाका. मले ऊन पाहिजे."

शामसुंदर मवाळ माणूस. बायकोचे डोळे पुसायला त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. "कारखान्याच्या ऑफिसात अर्ज देतो," तो म्हणाला.

"मामंजींले सांगाल ना?"

"बाबाले आत्ताच कावून सांगाचं? सांगतलं तं झाडाखाली खाट टाकून बसतीन. कापल्यावर पाहू."

देवराव तेव्हा घरी नव्हताच. पोळ्याला म्हणून तो नागपूरकडे बहिणीच्या गावी गेला होता आणि तिथेच रमला होता. भादव्यात एक माणूस चुन्याचं डबडं घेऊन आला आणि मोहाच्या बुंध्यावर एक वाकडीतिकडी फुली मारून निघून गेला. कापायची टोळी नंतर येणार होती.

मित्रांनो, त्या फुलीचा अर्थ मला कोणी सांगावा लागला नाही. डोंगरातल्या माझ्याही अंगावर एकदा कोणीतरी अशीच खूण केली होती. मी त्या झाडाखाली पडून होतो आणि मला ओरडता येत नव्हतं. वर पानं नेहमीसारखी बोलत होती. त्यांना काही माहीत नव्हतं. मला इतकं भरून आलं की वाटलं, माझ्या तड्यातून आता काळं तेल गळेल.

त्याच आठवड्यात तुळसाबाई भाजी घेऊन आली. कमलिनीने मान खाली घालून सांगितलं, "तुळसाबाई, पुढच्या चैत्रात येऊ नका. झाड कापून राहिले." तुळसाबाईने बुंध्याकडे पाहिलं. फुलीवर हात ठेवला. मग टोपली उचलून डोक्यावर घेतली.

"तोर अंगना, तोर मरजी, बहुरिया," एवढंच ती म्हणाली. तुझं अंगण, तुझी मर्जी. त्यानंतर ती भाजी घेऊनसुद्धा आली नाही. कमलिनी बरेच दिवस मागच्या दाराकडे बघत राहायची.

दिवाळी तोंडावर आली तसा देवराव गावाहून परतला. पिशवी ठेवली, तोंडावर पाणी मारलं आणि सवयीने अंगणात आला. बुंध्यावरची फुली दिसताच त्याच्या कपाळाला आठी पडली.

"कमल, हे कोन अर्धवट चुना फासून गेलं? ना रेघ, ना पट्टा! असं काम असते का?"

कमलिनीच्या तोंडचं पाणी पळालं. "राहू द्या ना जी मामंजी. थकून आले तुमी."

"असं कसं राहू देऊ? उद्या साहेबाची ट्रॉली आली तं काय म्हनन तो?"

"इथं कोनती ट्रॉली येते जी आता?"

पण देवराव ऐकतो होय! सगळी हयात त्याने इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी चुना आणि गेरू मारण्यात घालवली होती. अर्धा फासलेला चुना म्हणजे त्याला अंगावर काटाच. तो तसाच पॉवर हाउसला गेला, चुना, गेरू आणि कुंचा घेऊन आला. शेवाळ खरवडून त्याने मागची भिंत पांढरीशुभ्र केली. मग शेजारची. मग वाफ्यांचे दगड. मग माझ्यावर पण दोन हात! आणि शेवटी मोह. वर पांढरा पट्टा, मध्ये गेरूचा, खाली पुन्हा पांढरा, दोरी लावून सरळ. फुली त्या पांढऱ्याखाली कधीच दिसेनाशी झाली. कमलिनी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. सांगावं की न सांगावं करत तिने चहा दोनदा उतू घालवला, पण तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी एक नवल घडलं. आश्विनाचा सूर्य कलला होता. उतरत्या दुपारी त्याचं ऊन फांद्यांच्या खालून तिरपं आत यायचं आणि मागच्या भिंतीवर पडायचं. इतके दिवस ती काळी भिंत ते गिळून बसायची. आता तिने ते परत अंगणात टाकलं. एका भिंतीने दुसरीकडे, दुसरीने माझ्याकडे, मी मोहाकडे. सगळं अंगण दुधात बुडवल्यासारखं झालं. पानांची पोटंसुद्धा खालून उजळली. मी आयुष्यात एवढा उजेड अंगावर घेतला नव्हता. गाडी नव्हती, वारा नव्हता, तरी मला पुन्हा ते जुनं रानाचं स्वप्न पडलं, आणि या वेळी डोळे उघडे असताना.

कमलिनी सूप घेऊन तांदूळ निवडायला बाहेर आली आणि माझ्यावर बसली. आधी ती त्यासाठी समोरच्या ओट्यावर जायची. बराच वेळ तिने तांदळाला हात लावला नाही. आपल्या हातांवरचा उजेड बघत बसली.

त्यानंतर काही दिवसांनी माझ्या कडेला गुदगुल्या होऊ लागल्या. भिंतीच्या पायथ्याशी काहीतरी वर येत होतं. इवलीइवली दोन दोन पानं. कमलिनीला ती दिसली तेव्हा तिने एक पान चिमटीत चोळलं, नाकाशी नेलं आणि चटकन उठून उभी राहिली. त्या संध्याकाळी कारखान्यावरचं आभाळ नेहमीसारखं तांबडं झालं होतं. शामसुंदर घरी येताच तिने विचारलं, "ते झाडाचं थांबवता येते का जी?"

"अवं, आता? ऑफिसात कागद गेला म्हंजे गेला. मीनच हात जोडले अन् मीनच म्हनू, थांबा म्हनून? सारे हसतीन मले."

ती त्या रोपांवर चार थेंब पाणी शिंपडून आली. मी गप्पच. मला तर दुसरं काही येतच नाही.

आणि एका सकाळी टोळी आली. दोर, कुऱ्हाडी, करवत. शामसुंदर ड्यूटीवर गेला होता. टोळीचा मुखिया दयाराम नावाचा, कानावर बिडी खोचलेला माणूस होता. तो झाडाभोवती फिरला, डोकं खाजवलं.

"बहनजी, चूने का निशान किधर है? ये तो पट्टे वाला पेड़ है. पट्टे वाले को हम हाथ नहीं लगाते."

रस्त्याकडेच्या जपायच्या झाडांना असे पट्टे मारलेले असायचे, म्हणून तो गोंधळला होता. देवराव माझ्यावर बसून दाताला मिश्री लावत होता. त्याने विचारलं, "कौनसा निशान, भाई?"

"काटने का निशान, बाबा. फुल्ली."

देवरावाचं बोट दातावरच थांबलं. त्याने झाडाकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"शामनं अर्ज देल्ला का?"

कमलिनीने मान हलवली. तिच्याने वर बघवेना.

मला वाटलं आता हा गरजेल, झाडाला मिठी मारेल. तुम्हालाही तसंच वाटत असेल. पण तो देवराव होता. तो उठला. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता.

"तुले ऊन पाहिजे होतं. सांगतलं असतं तं मी काय नाही म्हटलं असतं, पोरी?" मग स्वतःशीच म्हणाला, "सारी नोकरी मीनं एका निशानीले धक्का नाही लावला. अन् आता हुकमावर चुना फासून बसलो!"

नारळाची शेंडी घेतली, ती बादलीत बुडवली आणि त्याने बुंध्यावरचा पट्टा घासायला सुरुवात केली. होय मित्रांनो! ज्या झाडाखाली तो रोज बसायचा, त्याच झाडाची फुली तो आपल्या हाताने शोधून काढत होता, कारण चूक त्याची होती आणि खूण दिसलीच पाहिजे. चुन्याचं पाणी त्याच्या कोपरांवरून गळत होतं. डोळ्यांत काय होतं ते मला दिसलं नाही, त्याने पाठ केली होती. हात मात्र थांबत नव्हते. मी ते हात हातोडा धरलेले पाहिले आहेत, तेव्हाही त्यांनी काम कधी अर्धं सोडलं नव्हतं.

दयाराम आणि त्याची माणसं नुसती उभी होती. फुलीचं एक टोक दिसू लागलं.

तेवढ्यात कमलिनी धावली. लाजबिज बाजूला ठेवून तिने सासऱ्याचं मनगट धरलं.

"राहू द्या मामंजी!"

"हुकूम हाय, पोरी."

"हुकूम कोनाचा? आपनच मांगतला होता ना? मंग आपनच नाही म्हनू." तिने त्याला ओढत भिंतीपाशी नेलं आणि खाली बोट दाखवलं. "हे पाहा. तुमी चुना मारला अन् हे आलं. माझी तुळस आली जी! झाड असून आली. मले ऊन पाहिजे होतं, ते आलं. आता ते झाड कशाले जाईन?"

देवराव वाकला. त्याने त्या दोन पानांकडे एक डोळा मिटून पाहिलं, दोरीतून बघायचा तसं. आणि मग तो मटकन माझ्यावर बसला आणि चुन्याच्या हातांनी तोंड झाकून रडला.

कमलिनीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दयारामकडे वळली. "भैया, अर्जी हमने दी थी, हमीच वापस लेंगे. तुम जाओ."

"अच्छा हुआ, बहनजी," दयाराम म्हणाला आणि कुऱ्हाड खांद्यावर टाकली. "महुआ काटने को मेरा भी जी नहीं होता." ती माणसं माझ्यावर ओळीने बसून चहा पिऊन गेली. असा गोड भार मी कधीच उचलला नव्हता.

संध्याकाळी शामसुंदरने दारातूनच विचारलं, "काय झालं? आले नाही का?"

"आले होते. मीनच परत धाडले."

"अन् मी ऑफिसात काय सांगू?"

"सांगा, घरी तुळशीचं लग्न हाय. मांडवाचं झाड कापत नसतात."

तो तसाच अंगणात आला. मग बापाचे पांढरे हात, बायकोचा चेहरा आणि ती बोटभरसुद्धा नसलेली नवरी पाहून त्याला जे हसू फुटलं ते आवरेना. कार्तिकात खरोखरच लग्न लागलं. उसाचा मांडव नवरीच्या कितीतरी पट उंच. देवरावाने नवरीभोवती दोरी लावून चौक आखला, सगळ्यांनी अक्षता फार जपून टाकल्या, न जाणो नवरी त्याखाली दबायची! माझ्यावर चिरमुरे आणि बोरं मांडली होती.

मग बगीचा पुन्हा केला गेला. या वेळी दोरी नव्हती. देवरावाने स्वतः गिट्टी उपसून नळाच्या चिखलात टाकली. वाट मोहाच्या मुळांना वळसा घालून नेली. वांगी-मिरच्यांचा हट्ट सोडला आणि धोप्याला मानाने वाफ्यात घेतलं. त्याच्या शेजारी हळद, आलं आणि मोहाच्या बुंध्यावर चढायला विड्याचा वेल. सावली आवडणारी मंडळी सगळी. तुळस तेवढी भिंतीपाशी, उजेडात. मला मध्यातून उचलून इथे कडेला ठेवलं. भिंतींना मात्र दर दिवाळीला चुना.

कमलिनीला तरी चैन नव्हतं. चैत्र लागला, मोहाची पानं झडली, फुलं पडू लागली आणि वेचायला कोणी येईना. ती पडलेली फुलं ती सुपात भरून ठेवायची आणि मागच्या दाराकडे बघायची. शेवटी देवराव रिसालीला गेला आणि तुळसाबाईला घेऊन आला. तिला त्याने काही सांगितलंच नव्हतं, नुसतं "चाल, काम हाय" म्हणाला होता. तिला वाटलं, झाडाचं लाकूड द्यायला बोलावलंय. ती मागच्या दारातून आत आली ती मान खाली घालूनच. जिथे तिचं झाड नसेल तिथे तिला बघायचं नव्हतं.

वरून एक फूल पडलं, टप्, तिच्या पायापाशी. ती थांबली. मग दुसरं पडलं. तिने हळूहळू मान वर केली.

"ठाढ़े हे!" ती ओरडली. "मोर रूख ठाढ़े हे!"

उभं आहे, माझं झाड उभं आहे. तिने बुंध्याला मिठी मारली आणि लहान मुलीसारखी हसली, रडली. मग तोंडाला चुना लागला तशी मागे सरून तिने ते पट्टे पाहिले. "एला कोन पोत दिस?" हे कोणी फासलं, असं तिने विचारलं.

"मीनं," देवराव म्हणाला. "इन्स्पेक्शन होतं."

"काकर?" कोणाचं, असं तिने विचारलं.

"तुहंच," देवराव म्हणाला. कमलिनीने सूपभर फुलं आणून तिच्या पदरात ओतली. दोघी माझ्यावर बसून निवडत राहिल्या, उन्हं चढेपर्यंत.

त्या गोष्टीला आता काही वर्षं झाली. देवराव थकला आहे, पण रोज सकाळी माझ्यावर बोटाच्या पेराने एक ठोका मारतो आणि ऐकतो. आतून मी पोकळ होत चाललो आहे, ते त्यालाही कळतं. तरी म्हणतो, "ठनठनीत हाय लेकाचा!" म्हातारपणी खोटं बोलायला शिकला आहे.

मित्रांनो, मला पुन्हा उभं राहता येणार नाही. पण चैत्रात कधी पहाटे उठून या अंगणात या. तुळसाबाई यायच्या आधी या. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोहाच्या फुलांनी झाकलेला असतो, माझा तडा दिसत नाही, भोकं दिसत नाहीत. तेवढा वेळ मला वाटतं, फुलं मलाच आली आहेत.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमची घरं होतील, अंगणं होतील. एखादं झाड आडवं येईल आणि त्याच्यावर फुली मारावीशी वाटेल. तेव्हा आधी भिंतीला चुना मारून बघा. आणि तरीही फुली मारायचीच असली, तर त्याआधी इथे या, माझ्यावर घटकाभर बसा, आणि मग जा.